वर्गणी कोण देणार?

चैत्र तोंडावर आला की गावोगाव जत्रा कमिटीची बैठक बसते. देवळाच्या ओट्यावर सतरंजी पडते, वही उघडते, मागल्या साली कोणाच्या नावावर किती वर्गणी आणि त्यातली बाकी किती, हे मोठ्याने वाचले जाते. मग कोणीतरी विचारतो, यंदा तमाशा सांगायचा का? आणि बैठक गप्प होते. माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत, जमिनीकडे पाहतात.

अशाच एका बैठकीला आम्ही होतो. सभेसाठी गेलो होतो, सभा आटोपली, जेवणाला अवकाश होता म्हणून ओट्यावर टेकलो. बी. ए. झालेला एक मुलगा शेजारी येऊन बसला. त्याने मोबाईलवर बातमी काढून दाखवली. सरकार म्हणते, आता कलेच्या धंद्यातून तरुणांना रोजगार. ॲनिमेशन, गेम, सिनेमा. मुंबईत मोठी संस्था निघाली आहे, शाळाशाळांतून त्याच्या प्रयोगशाळा निघणार आहेत. "साहेब, आपल्याला काही जमंल का यात?" आम्ही तोंड उघडायच्या आत वही धरून बसलेले आबा म्हणाले, "जमंल की. पन वर्गणी कोन देनार, ते इचार तुज्या सरकारला."

सगळे हसले. आम्हीही हसलो. परतीच्या एस. टी.त हसू ओसरले. आबांनी जे विचारले ते मंत्रालयात कोणी विचारले असेल, असे काही वाटेना. म्हणून हे लिहायला घेतले.

आधी सरकारने काय केले ते नीट सांगतो. नाहीतर आंधळ्या विरोधाचा शिक्का आमच्यावर मारायला काही मंडळी टपलेलीच असतात. मे २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'वेव्हज' नावाचा चार दिवसांचा मेळा भरला. पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले आणि भारतात 'ऑरेंज इकॉनॉमी'चा उदय होत असल्याचे सांगितले. ऑरेंज म्हणजे संत्रे. पण वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागाईतदारांनी हुरळून जाऊ नये, या संत्र्याचा त्यांच्या संत्र्याशी काडीचा संबंध नाही. गोष्ट, गाणे, चित्र, खेळ यांवर चालणाऱ्या धंद्यांना जगात हे नाव पडले आहे. त्याच वर्षी जुलैत मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली. तिच्यासाठी केंद्राने ३९१ कोटी रुपये ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींच्या गुंतवणुकीची आशा आणि २० वर्षांत २ लाख रोजगार. फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत या कामाच्या प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली.

३,२६८ कोटी हा आकडा ऐकून छाती दडपते. पण तो पंचवीस वर्षांवर पसरला की वर्षाला सव्वाशे-दीडशे कोटी होतात. राज्याच्या तिजोरीच्या मानाने ही काही लूट नव्हे, उगाच बोंब मारण्यात अर्थ नाही. आमचे बोट दुसऱ्या आकड्यावर आहे. २० वर्षांत २ लाख म्हणजे वर्षाला १० हजार रोजगार. महाराष्ट्रात ४० हजारांहून जास्त गावे आहेत. चार गावांनी मिळून वर्षाला एक मुलगा पाठवायचा. तोही सरकारचा हिशेब तंतोतंत खरा ठरला तर, आणि पुण्या-मुंबईच्या पोरांनी एकही जागा घेतली नाही तर! त्या ओट्यावर आम्ही बसलो होतो तेव्हा कामधंदा नसलेली वीस-पंचवीस तरणी पोरे सहज आजूबाजूला उभी होती. त्यातल्या कित्येकांची लग्ने अडली आहेत, कारण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला शेतकरीच तयार नाही.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, कॉम्प्युटरच्या तर नाहीच नाही. दिग्रसचा किंवा करमाळ्याचा एखादा मुलगा अमेरिकेतल्या सिनेमासाठी खोलीत बसून चित्रे हलवीत असेल आणि डॉलरमध्ये दाम घेत असेल, तर त्याने खुशाल घ्यावे. आम्हाला त्याचे कौतुकच आहे. त्याचा माल घ्यायला गिऱ्हाईक आहे, त्याला कोणी अडवू नये, एवढे पुष्कळ झाले. प्रश्न आहे तो ज्यांना गिऱ्हाईकच नाही अशा लाखो पोरांचा. त्यांच्यासाठी सरकारने काय शोधून काढले?

त्या मुलाचीच गोष्ट घ्या. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. लोकांनी तिचे नाव 'लाडका भाऊ' ठेवले. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आय. टी. आय. किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. सहा महिने. पुढे ओरड झाली तेव्हा आणखी पाच महिने. हा मुलगा एका सरकारी कार्यालयात बसला. काय शिकलास, विचारले. म्हणाला, "झेरॉक्स काढायच्या, दाखल्यांचे अर्ज लावून ठेवायचे, साहेबांचा मेसेज ग्रुपवर टाकायचा." अकरा महिने झाले, दार बंद. त्याच्यासारखी पोरे आम्हाला कायम करा म्हणून मोर्चे घेऊन गेली. कायम कुठे करणार? ते कामच नव्हते. सरकारने काम दिले नाही, कामावर असल्याचा देखावा करायला पैसे दिले. त्या पोराला आम्ही दोष देत नाही, त्याने अकरा महिने बापाकडे पैसे मागितले नाहीत, हेच त्याच्या लेखी मोठे.

आता कलेच्या नावाने तोच खेळ मांडला जातो आहे, अशी आमची धास्ती आहे. शाळेत खोली येईल, खोलीत दहा कॉम्प्युटर येतील, पुरवठादाराचे बिल निघेल. आमच्या शाळांतल्या विज्ञानाच्या प्रयोगशाळा कशा अवस्थेत आहेत ते तुमच्या पोरांना विचारा. आणि समजा नशिबाने शिकवणारा चांगला मिळाला, पोरगा शिकलाही. मग तो कोणासाठी चित्र काढणार, कोणासाठी गाणे रचणार? त्याचा मोल देणारा गिऱ्हाईक कुठला?

इथे आम्हाला तालुक्याच्या बाजारात जावे लागेल. कलेचा धंदा म्हणजे गोरेगावची चित्रनगरी, हे पांढरपेशांच्या डोक्यातले चित्र. तुमच्या तालुक्याच्या मेन रोडवरून चालत जा आणि पाट्या मोजा. फ्लेक्सचे डिझाईन करणारा. लग्नाचे शूटिंग करणारा, आता त्याच्याकडे ड्रोनही आला. बँजो पार्टी. मंडप-डेकोरेशन. बैलपोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग आणि झुली विकणारा. मूर्तिकार. हार्मोनियम दुरुस्त करणारा एखादा म्हातारा. कीर्तनाला पखवाज धरणारी, आळंदीहून शिकून आलेली पोरे. हाच आमचा कलाउद्योग. याच्यावर किती तरुणांची चूल पेटते याची नोंद कुठल्याही धोरणात नाही. या धंद्याला कोणाचे अनुदान नाही, कर्ज मिळालेच तर बचतगटाचे किंवा पतपेढीचे. आणि हा सगळा रस्ता कधी फुलतो आणि कधी ओस पडतो, ते त्या दुकानदारांनाच विचारा. एक फ्लेक्सवाला आम्हाला म्हणाला, "कापसाचा भाव मला पेपरात वाचावा लागत नाही. ऑर्डरीवरून कळतो."

तमाशाचे तर विचारूच नका. ढोलकीचा मोठा फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसे. नाचणाऱ्या मुली, गाणारे, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला तर आहेतच. पण तंबू ठोकणारे बिगारी, ट्रकचे ड्रायव्हर, दिवाबत्ती सांभाळणारे, भाकरी थापणाऱ्या बायाही आहेत. यातले बहुतेक तरुण, बहुतेक भूमिहीन घरातले. शिक्षणाची अट नाही, ओळखपत्र नाही, ऑनलाइन अर्ज नाही. शंभर माणसांना सात-आठ महिने काम देणारा कारखाना तुमच्या तालुक्यात किती आहेत, मोजून सांगा. दसऱ्याला फड बाहेर पडतात, वैशाखापर्यंत गावोगाव फिरतात. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात, आणि नगर, बीड, सोलापूरकडच्या जत्रा कमिट्या तिथे जाऊन सुपारी देतात. ही सुपारी कुठून येते? शाळूची मळणी होते, कणसे खळ्यावर पडतात, चार पोती बाजारात जातात, त्यातून उंबऱ्यामागे ठरलेली वर्गणी निघते. चैत्र-वैशाखात जत्रा आली ती पंचांगवाल्याच्या लहरीने आलेली नाही. त्याच वेळी शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात म्हणून आली.

ज्वारी पडली की जत्रा पडते. रेशनवर गहू-तांदूळ आधी दोन-तीन रुपयांनी आणि जानेवारी २०२३ पासून फुकट. गरिबाच्या पोटात अन्न गेले याचे दुःख मानणारे आम्ही नाही; पण मजुराच्या घरातली भाकरी गेली तसे ज्वारीचे हक्काचे गिऱ्हाईकही गेले, हे खोटे आहे काय? त्याच २०२३ साली भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले. ताज हॉटेलात ज्वारीची बिस्किटे आणि मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला टाळ्या.

पूर्वेकडे झाडीपट्टी पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा. दिवाळीनंतर धान निघतो, गावोगाव मंडई आणि शंकरपट भरतात, आणि रात्रभर नाटके चालतात, ती थेट होळीपर्यंत. देसाईगंज म्हणजे वडसा हे या धंद्याचे नाके. तिथे नाटक मंडळ्यांची ऑफिसे आहेत, गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तिकिटे विकते, तोटा आला तर सोसते, फायदा झाला तर देवळाचा कळस चढवते. नट आहेत, गायक आहेत, नेपथ्य रंगवणारे आहेत, लेखक आहेत, सगळे तिथलेच. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे मुंबईच्या नाट्यसृष्टीला या भागाचा नकाशा शोधावासा वाटला. ही रंगभूमी कोणत्या धोरणातून जन्मली? कोणत्याच नाही. धानाच्या कोठीतून जन्मली.

म्हणून आम्ही म्हणतो, कलावंताचा खरा मालक शेतकरी आहे आणि शेतकऱ्याचा खिसा कापणारा प्रत्येक निर्णय हा कलावंताच्या पोटावरही पाय असतो.

सरकारला हे कळत नव्हते असेही नाही. १९७५ साली महाराष्ट्र सरकारने मराठी सिनेमासाठी एक योजना आणली. मराठी सिनेमाच्या तिकिटावर जो करमणूक कर गोळा होई, तो निर्मात्याने पुढचा सिनेमा काढला की त्याला परत मिळे. योजनेतली खुबी पाहा. तिकीट खपले तर कर, कर जमला तर परतावा. म्हणजे कोणाला किती द्यायचे हे प्रेक्षक ठरवत होता, आणि हा प्रेक्षक म्हणजे तंबूत आणि तालुक्याच्या टॉकीजमध्ये बसणारा तुमच्या-आमच्यासारखा माणूस. दादा कोंडक्यांचे सिनेमे याच गिऱ्हाईकावर चालले. शहाण्यांनी नाके मुरडली, पण पैसा तिकीटबारीवरून आला होता. पुढे ही पद्धत गेली. समिती आली, दर्जे आले. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख. सिनेमा गावात लागला की नाही, कोणी पाहिला की नाही, याच्याशी गाठ उरली नाही. काही चांगले सिनेमे या पैशावर उभे राहिले, ते नाकारणार नाही. पण अनुदानापुरताच सिनेमा काढणारी एक जमात त्या धंद्यात निपजली, ही तक्रार आम्ही करीत नाही, त्या धंद्यातली माणसेच करतात.

मोल जाऊन अनुदान आले की काय होते, हे कापूसवाल्यांना कशाला सांगायला हवे! खताला सूट, पंपाला सूट, विम्याला सूट, आणि बोंडाचा भाव मात्र दाबून.

आणि अनुदानाबरोबर आणखी एक गोष्ट येते. खाल्ल्या मिठाला जागावे लागते.

याचा एक मासला अमेरिकेतला आहे. तो कापसाशीच निगडित आहे म्हणून थोडा सविस्तर सांगतो. १९२९ नंतरच्या मंदीत तिथे कापसाचा भाव मातीमोल झाला. माल कमी केला तर भाव चढेल म्हणून १९३३ साली सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला. पैसे जमीनमालकांना मिळाले, आणि बटाईने राबणारी कुटुंबे, त्यात काळी माणसे फार, देशोधडीला लागली. शहरात त्याच वेळी हजारो नट, गवई, पडदे रंगवणारे बेकार होते. १९३५ साली रूझवेल्ट सरकारने त्यांच्यासाठी फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला. सुमारे बारा हजार माणसांना आठवड्याचा पगार, आणि नाटके लोकांना फुकट किंवा नाममात्र दरात. आमच्या अकरा महिन्यांच्या झेरॉक्सपेक्षा ही कल्पना शंभर पटींनी चांगली होती, हे मान्य करू. ते खरे काम होते आणि समोर खरा प्रेक्षक होता.

या मंडळींनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारच्या शेती धोरणावरच नाटक उभे केले. शेतकऱ्याला कवडी आणि शहरात खाणाऱ्याला महागाई, मधला गबर, असा तो विषय. पगार सरकारचा आणि बोलणे शेतकऱ्याचे. किती दिवस चालणार? १९३८ च्या डिसेंबरात त्यांच्या संचालिका हॅली फ्लॅनगन यांना संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे केले गेले. त्यांनी लेखात मार्लो या इंग्रज नाटककाराचे नाव घेतले होते, तर एका सदस्याने विचारले, हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय? मार्लो मरून साडेतीनशे वर्षे होत आली होती. हा सदस्य अलाबामाचा, म्हणजे कापूस पिकवणाऱ्याच मुलखाचा प्रतिनिधी. पुढच्या जूनअखेर योजना बंद. बारा हजारांतली उरलीसुरली माणसे पुन्हा रस्त्यावर.

आपल्याकडचा इतिहास वेगळा नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी आणली होती. ती उठली, पण फडाने वगाची संहिता तपासून घ्यायची, ही अट मागे राहिली. बंदीच्या त्या दिवसांत अण्णाभाऊ साठे आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्या खेळाला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. आणि त्याच्याही आधी सत्यशोधकांचे जलसे गावोगाव फिरत होते ते कोणाच्या अनुदानावर? गावाने घातलेल्या भाकरीवर. म्हणून तर ते सावकाराचे नाव घेऊन बोलू शकत होते.

सरकारी कौतुकाने पोट भरते का, याचे उत्तर विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यात आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई २००२ साली गेली ती हलाखीत. आज तमाशातल्या जीवनगौरव पुरस्काराला सरकारने त्यांचेच नाव दिले आहे. कोरोनाच्या दोन साली, २०२० आणि २०२१ मध्ये, एकही जत्रा भरली नाही. फडमालक कर्जात बुडाले, कलावंतांनी मजुरी धरली. तेव्हा ५६ हजार कलावंतांना एकदाच प्रत्येकी ५ हजार रुपये द्यायचे ठरले. दोन हंगामांचे ५ हजार! अतिवृष्टीत सोयाबीन आणि कापूस वाहून गेल्यावर खात्यावर पडणाऱ्या रकमेशी तुलना तुम्हीच करा. दोघांनाही एकाच मापाने मोजतात.

आता कापसाकडे येतो, कारण गाडी तिथेच अडली आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. सीतादही होते, वेचणी लागते, पहिला-दुसरा वेचा घरात येतो, दिवाळी येते, नेमके ते दिवस. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लादला, गिरणीवाल्यांना फटका बसला, हे खरे. पण फटका गिरणीला आणि औषधाचा खर्च बोंडावर, हा कुठला न्याय? हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० जाहीर होता. बाजारात व्यापाऱ्याची बोली त्याच्या खाली. सी. सी. आय.कडे जायचे तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पेरा, आणि कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. बापाची नोंदणी कोणी केली? घरातल्या बेकार पदवीधराने, आपल्या मोबाईलवरून. डिजिटल भारतात आमच्या पोरांना मिळालेले सर्वात उपयोगी काम तेच.

एक साधा हिशेब करू. समजा पाच एकर कोरडवाहू, एकरी चार क्विंटल, म्हणजे वीस क्विंटल कापूस. क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले तर घरात वीस हजार कमी आले. गावात अशी दोनशे घरे धरली तर चाळीस लाख रुपये गावाबाहेरच राहिले. एका गावाचे, एका हंगामाचे. या चाळीस लाखांतले पंचाण्णव टक्के दुकानदाराच्या उधारीत, दवाखान्यात आणि मुलीच्या फीमध्ये गेले असते असे धरू. उरलेल्या दोन लाखांत जत्रा झाली असती. फ्लेक्स लागले असते, बँजो वाजला असता, फडाची सुपारी गेली असती, फडातल्या शंभर माणसांचा एक दिवस भरला असता. अशी गावे तालुक्यात किती? हे पैसे कोणाला मागायचे नाहीत, अर्ज करायचा नाही. आमचेच आहेत. ते आमच्याकडे राहू द्यावेत, एवढेच.

इथे आमची स्वतःची एक चूक सांगून टाकतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आम्ही नुकते नोकरी सोडून या कामात पडलो होतो. कृषी महाविद्यालयातून डोक्यात भरलेला उत्पादन खर्चाचा तक्ता घेऊन सभा घ्यायचो. एका सभेत आम्ही आवेशाने म्हणालो, कर्ज डोक्यावर असताना जत्रेला वर्गणी कसली देता, तमाशे कसले आणता, हा पैसा बियाण्यात घाला. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक हलगीवाला जवळ आला. तो म्हणाला, "साहेब, तुमचं बरोबर असंल. पन मंग आमी काय खावं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या तक्त्यात बैलजोडीचे भाडे होते, निंदणीची मजुरी होती, हलगीवाला कुठेच नव्हता. तक्त्यात तो बसतही नाही, तो खर्च उत्पादनाचा नव्हे. पण शेतीत उरलेल्या पैशावर गावात आणखी किती माणसे जगतात याचा तक्ता आम्हाला कोणी शिकवला नव्हता, आणि तो आम्ही स्वतःहूनही मांडला नव्हता. दारूबंदी आणि जत्राबंदी एकाच दमात बोलणारे कार्यकर्ते अजूनही आपल्यात आहेत. त्यांनी जरा दमाने घ्यावे.

तेव्हा मागायचे काय? फडांना अनुदान द्या, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारने तशा योजना अधूनमधून काढल्या आहेत. त्यांच्या फायली मुंबईला हेलपाटे घालणाऱ्यालाच सापडतात. आमचे म्हणणे एवढेच की स्टुडिओला जो उद्योगाचा दर्जा दिला तो फडाला आणि नाटक मंडळीलाही द्या. फडमालकाच्या हातात पन्नास गावांच्या सुपाऱ्या असतात, तरी बँक त्याला दारात उभे करीत नाही. म्हणून तो सावकाराकडून पैसा उचलतो, त्यातून कलावंतांना उचल देतो, आणि हंगामभर सगळा फड सावकारासाठी नाचतो. सुपारीच्या करारावर बँकेने कर्ज दिले तर यात दमडीचे अनुदान लागत नाही.

दुसरे म्हणजे रात्रीचा भोंगा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात संपतात. मुंबईच्या इमारतीत झोपणाऱ्यासाठी हा नियम योग्यच आहे. पण दिवसभर रानात राबणारा माणूस जेवण करून नऊ-साडेनऊला कनातीत येतो, गण-गौळण होते न होते तोच फौजदार येतो. वग बघायला आलेला माणूस वग न बघताच घरी जातो आणि पुढच्या साली वर्गणी देताना हात आखडतो. जत्रेच्या दोन रात्री ग्रामसभेच्या ठरावावर मोकळ्या करायला कुठला निधी लागतो?

आणि शाळांतल्या त्या प्रयोगशाळा. काढायच्याच असतील तर शिकवायला तालुक्याचा शूटिंगवाला, फ्लेक्सवाला, झाडीपट्टीचा नेपथ्यकार बोलवा. त्यांना तासाचे पैसे द्या. पोरे निदान धंदा करणाऱ्याकडून धंदा शिकतील. या सूचनेकडे कोणी लक्ष देईल अशी आशा आम्ही धरून बसलेलो नाही, तरी लिहून ठेवतो.

पण यातले काहीही दिले आणि वेचणीच्या तोंडावर आयातीचे दार पुन्हा उघडले तर बाकी सगळे व्यर्थ आहे. त्यामुळे येत्या जिल्हा सभेतला पहिला ठराव तोच राहील: वेचणी ते फेब्रुवारी या काळात कापसाच्या आयात शुल्काला हात लावायचा नाही. बोलायला सोपा, लढायला अवघड आहे. गिरणीवाल्यांची माणसे दिल्लीत रोज असतात. आपण वर्षातून एकदा रेल्वेने जातो.

सभेला येताना प्रत्येक गावाने एक गोष्ट आणावी. सातबारा नको, आधार नको. जत्रा कमिटीची वही आणावी. गेल्या पाच वर्षांत वर्गणी किती ठरली, किती जमली, बाकी किती, त्यातून काय आणले, तमाशा, नाटक, खडी गंमत, ऑर्केस्ट्रा की नुसते भजन. आणि त्या-त्या साली गावात कापूस किंवा ज्वारी काय भावाने गेली. दोन रकाने शेजारी शेजारी मांडायचे आहेत. ज्या मुलांची अकरा महिन्यांची मुदत संपली आहे त्यांनी आकडे उतरवून घेण्याच्या कामाला सकाळी नऊलाच यावे. मानधन नाही, जेवण आहे. फडमालकांना आणि वाजंत्र्यांना निरोप गेले आहेत. आबांनी वही आणायचे कबूल केले आहे, पण म्हणाले, बाकीदारांची नावे वाचायची नाहीत. ती अट आम्ही मान्य केली आहे.